अक्कलहुशारी आणि वेड

पौड हें मुळशी तालुक्याचें मुख्य ठिकाण. तेथें जमिनीचा दस्त नोंदविण्यास आलेल्या मनुष्याच्या लेखाचा शेवट बहुधा ठरलेला असतो: हा लेख आपण राजीखुशीनें, अक्कलहुशारीनें व नशापाणी न करतां लिहून दिला आहे. लिहून देणाराला यांतलें अक्षरहि स्वतः लिहावें लागत नाहीं. तें दस्तलेखकाच्या हातून आपोआप उतरतें. तथापि सगळा दस्त उभा असतो तो या अक्कलहुशारीवर. पुणें पसरत आल्यापासून या खोऱ्यांतील डोंगरउतारालाहि किंमत आली आहे. आणि घरच्या म्हाताऱ्यानें जमीन विकली तर त्याला म्हातारचळ लागला, न विकली तरीहि ‘साठी बुद्धि नाठी’, असें म्हणणारे निघतातच. येथें हा शब्द वैद्यकाचा नसून वाटणीचा असतो.

वेडाविषयीं मराठीला शब्दांचें दारिद्र्य नाहीं. पिसा हा शब्द पिशाचावरून आला. वेड बाहेरून येऊन अंगांत शिरतें ही समजूत त्यांत मुरलेली आहे. कुत्रें पिसाळतें तेंहि याच कुळांतलें. चळ म्हणजे ठाव सुटणें. भ्रमिष्टाचें मन भोंवतें. ‘वात झाला’ म्हणणारा आयुर्वेदाचा हिशेब नकळत बोलून जातो. चरकानें उन्मादाचे पांच प्रकार सांगितले, त्यांतला पांचवा आगंतुक. आपला पिसा त्याचाच सोयरा. उन्मत्त या शब्दानें मात्र रोग्याचें घर केव्हांच सोडलें व तो श्रीमंतांकडे राहावयास गेला! उरला वेडा. आईच्या तोंडीं तो लाडाचा, आणि वाटणीला बसलेल्या भावाच्या तोंडीं फार वेगळा. तेराव्या शतकांत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंना लोक वेडा म्हणत, पिसा म्हणत, आणि तेच लोक त्यांना मायबापहि मानीत. वेडा म्हटल्यानें त्यांचें गांवांतलें स्थान गेलें नाहीं.

तें केव्हां जातें, हें कोल्हापूरच्या गादीच्या इतिहासांत दिसतें. चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्यें बालवयांत दत्तक आले. पुढें त्यांना वेड लागल्याचें इंग्रज सरकारनें ठरविलें. त्यांचा छळ होतो असा बोभाटा झाला. केसरी व मराठा या पत्रांनीं दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारें ते केले तीं बनावट ठरलीं, आणि १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. महाराज पुढच्याच वर्षीं, २५ डिसेंबर १८८३ रोजीं, अहमदनगरास पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत वारले; वय अवघें वीस. डोंगरीच्या दिवसांवर आगरकरांचें पुस्तक आहे. नगरच्या दिवसांवर महाराजांचें नाहीं. त्या वादांत वेड सिद्ध करणें किंवा खोडून काढणें यालाच महत्त्व आलें, आणि रोगी, तो रोगी असलाच तर, मागें पडला, हें मला फार खटकतें.

कायद्यानेंहि बराच काळ हीच दृष्टि ठेविली. १८५८ व १९१२ च्या कायद्यांचें इंग्रजी नांवच मुळीं चंद्राच्या लॅटिन नांवावरून आलेलें, आणि त्यांचा रोख वेड्याला कोठें ठेवावें याकडे. ठाण्याचें इस्पितळ १९०१ सालचें. येरवड्यास तर तुरुंग व वेड्यांचें इस्पितळ दोन्हीं. म्हणून ‘याला येरवड्यास पाठवा’ असें कोणी म्हटलें तर मनुष्य चोर कीं वेडा, हें बोलणाराच्या सुरावरूनच ओळखावें लागतें.

१९८७ च्या कायद्यानें शब्द सौम्य केले. २०१७ च्या कायद्यानें मुद्द्यालाच हात घातला. मानसिक आजार आहे एवढ्यावरून मनुष्य विकलबुद्धीचा ठरत नाहीं. तें सक्षम न्यायालयानें ठरविलें पाहिजे. म्हातारपणींच्या विस्मरणाला आतां स्मृतिभ्रंश म्हणतात. शब्द भारदस्त आहे. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत तो क्रोध आणि मोह यांच्या पाठोपाठ येतो, म्हणजे दोषाचें फळ म्हणून. आल्झायमरनें १९०६ मध्यें ज्या रोगाचें वर्णन केलें त्यांत रोग्याचा दोष कांहींच नाहीं.

हल्लीं वृद्धांच्या दस्ताला डॉक्टरचा दाखला जोडण्याची वहिवाट पडली आहे. त्यावर स्मृतिभ्रंश एवढा एकच शब्द आला कीं विरुद्ध पक्षाचें काम झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु १८७२ चा करारकायदा विचारतो तें एवढेंच, कीं व्यवहार करतेवेळीं तो समजून त्यांत आपलें हित कशांत, हें त्या मनुष्याला ठरवितां येत होतें काय. ज्या म्हातारीला नातवाचें नांव आठवत नाहीं, तिला आपल्या भातखाचराचा बांध कोठें संपतो, हें पक्कें ठाऊक असूं शकतें.