ताप उतरतो, ऐकू येणं परत येईलच असं नाही

मी कळंबोलीत राहतो. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे इथूनच सुरू होतो, त्यामुळे रात्रभर गाड्यांचा आवाज. आधी वैताग यायचा. या एपिसोडसाठी वाचायला बसलो आणि वाटलं, ऐकू येतंय हेच नशीब.

आजची गोष्ट मेनिंगोकॉकस या जंतूची. साधारण दहातल्या एकाच्या घशात तो गुपचूप राहतो, काही त्रास देत नाही. पण क्वचित रक्तात शिरतो, मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, आणि धडधाकट तरुण माणूसही एका दिवसात दगावू शकतो.

१८०५ मध्ये जिनिव्हात गास्पार व्ह्यूसो या डॉक्टरने अशा साथीची पहिली नीट नोंद केली. जंतू सापडला १८८७ मध्ये, व्हिएन्नाच्या आंतोन वाइक्सेलबाउमला. मग घोड्याच्या रक्तातला सीरम आला, १९३० च्या दशकात सल्फा, नंतर पेनिसिलिन. माणसं वाचू लागली.

पण वाचला म्हणजे सुटला, असं नाही. सूज आतल्या कानापर्यंत पोचली तर ऐकण्याच्या पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. क्वचित मेंदूची रक्तवाहिनी तुंबून अर्धांग होतं, डोळ्याची नस दुखावून एकाचे दोन दिसतात, मज्जारज्जू सुजून पाय लुळे पडतात. औषध जंतू मारतं. गेलेलं परत आणत नाही.

म्हणून लस. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेत अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार गेले. तिथल्या देशांना डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा होता. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ संस्थेच्या प्रकल्पातून तो बनवला आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. नाव मेनअ‍ॅफ्रिव्हॅक. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि तिथल्या ‘ए’ गटाच्या साथी जवळपास थांबल्या. २०२४ मध्ये नायजेरियात सीरमचीच पाच गटांवरची लस पोचली.

आपल्याकडे? दिल्लीत १९६६, १९८५, २००५ मध्ये साथी आल्या. हजला जाणाऱ्यांना ही लस सक्तीची आहे. बाकीच्यांच्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात ती नाही.

तेव्हा जोराचा ताप, मान आखडलेली, उजेड सहन होत नाही, अंगावर जांभळे ठिपके, असं काही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. आणि बरं होऊन घरी आलेल्याची कानाची तपासणी नक्की करून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आवाज जरा कमी ठेवा, कान जपा!