कापसाचे सोने आणि अमेरिकेचे स्वप्न

दिवाळीच्या सुमारास परभणी, मानवत, सेलूच्या मोंढ्यांत कापूस येऊ लागला म्हणजे प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : भाव काय फुटला? आपल्याकडे कापसाला पांढरे सोने म्हणतात. पण या सोन्याचा भाव आपल्या काळ्या जमिनीवर ठरत नाही. तो सातासमुद्रापलीकडे ठरतो. हे आजचेच नव्हे बरे का, दीडशेहून अधिक वर्षांचे आहे. अमेरिकेतील संपत्ती, तेथील स्वप्ने आणि त्यांचा झालेला भंग हा विषय परभणीच्या माणसाला दूरचा वाटेल. पण कापसाचा धागा हाती धरून निघालो तर तो थेट आपल्या बांधावर येऊन पोचतो.

सुरुवात 1861 सालापासून करू. त्या वर्षी अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली. दक्षिणेकडची सारी श्रीमंती कापसाची, आणि तो कापूस पिकविणारे हात गुलामांचे. 1860 च्या शिरगणतीत त्या देशात 40 लाखांच्या आसपास गुलाम नोंदले गेले होते. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशी याच कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि लँकेशायरचा घास अडकला. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वळली ती हिंदुस्थानकडे, म्हणजेच मुंबईकडे.

मुंबईत भाव पाहता पाहता तिप्पट-चौपट झाला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, असे सांगतात. वजन वाढावे म्हणून कापसात माती, पाणी, सरकी मिसळण्याचे प्रकार इतके माजले, की 1863 मध्ये सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. शहर फुगत होते, आणि त्याचे वर्णन करणारा मराठी लेखकही जागा होता. त्या पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा 8 कोटी पौंडांहून अधिक रक्कम जादा मिळाली, असा हिशेब त्या काळी मांडला गेला.

आता पैसा आला म्हणजे त्याला पाय फुटतातच. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या ‘बॅक बे’ कंपनीचा 5,000 रुपये भरलेला भाग 50,000 रुपयांपर्यंत गेला. जमीन अजून पाण्याखाली, आणि तिचे मोल मात्र आभाळात! प्रेमचंद रायचंद हे या साऱ्या खेळाचे सूत्रधार. त्यांच्या एका शब्दावर बँका कर्ज देत.

9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. अमेरिकेत शांतता झाली आणि मुंबईत आकांत. कापसाचा भाव कोसळला. 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी कोण कोणाला देणार? सारेच देणेकरी, सारेच बुडालेले. बँक ऑफ बॉम्बे डबघाईला आली आणि पुढे 1868 मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंदही बुडाले, पण बहराच्या काळात दिलेल्या त्यांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. अमेरिकेच्या यादवीची ही एक दगडी खूण मुंबईत आजही तास मोजीत उभी आहे.

आपल्या बाजूला काय होते? परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. शेजारचे वऱ्हाड 1853 च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, ते मुख्यतः तिथल्या कापसासाठीच असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. रेल्वेही कापसाच्या मागोमाग गेली : 1867 मध्ये ती नागपूरला पोचली आणि 1870 मध्ये खामगावच्या बाजाराला फाटा मिळाला. परभणीला मात्र गाडी दिसायला 1900 साल उजाडावे लागले. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची ती रेल्वे आली, आणि गोदा-पूर्णेच्या काठचा कापूस रुईच्या गाठी होऊन थेट दुनियेच्या बाजारात जाऊ लागला. त्या दिवसापासून परदेशातल्या तेजीमंदीचे वारे आपल्या घराच्या कुडालाही लागू लागले.

अमेरिकेत तरी शेतकऱ्याचे भले झाले का? गुलाम सुटले, पण जमीन मिळाली नाही. ते बटईने शेती करू लागले. बियाणे उधार, धान्य उधार, आणि येणारे पीक आधीच दुकानदाराकडे गहाण. आपल्याकडच्या सावकारी पाशाची ही सख्खी बहीणच म्हणा ना! उत्तरेत मात्र रेल्वे, तेल, पोलाद यांतून अफाट पैसा उसळला. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी 1873 मध्ये एक कादंबरी लिहून त्या काळाला ‘सोन्याचा मुलामा दिलेले युग’ असे नाव दिले. वर मुलामा, खाली पितळ. गंमत अशी, की पुढे ट्वेन स्वतःच एका छपाई यंत्राच्या नादात पैसा घालवून बसले, आणि कर्ज फेडण्यासाठी जगभर व्याख्याने देत 1896 मध्ये मुंबईला आले. मुलाम्याला हसणारालाही मुलाम्याची भूल पडली होती.

त्यानंतर 1925 मध्ये फिट्सजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ आली. गरीब शेतकऱ्याचा पोर, नाव बदलतो, महाल विकत घेतो, मेजवान्या देतो; पण त्याच्या मेजवान्यांना लोटणारी गर्दी त्याच्या अंत्ययात्रेला फिरकत नाही. चारच वर्षांनी, 1929 च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. ‘अमेरिकेचे स्वप्न’ हा शब्द रूढ झाला तो त्यानंतर, जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांच्या 1931 च्या पुस्तकामुळे. पाहा, स्वप्न मोडल्यावरच त्याला नाव देण्याची गरज भासली! आणि 1939 मध्ये स्टाइनबेकने ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहिली. त्यातले कुटुंब ओक्लाहोमाच्या कुळांचे. दुष्काळ, धुळीची वादळे आणि ट्रॅक्टर यांनी ते गाव सोडते, कॅलिफोर्नियाच्या आशेने निघते, आणि तिथेही परक्याच्या रानात कापूसच वेचते. मराठवाड्यातून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

स्वप्नभंग झाल्यावर माणसे काय करतात, हा खरा प्रश्न आहे. जमशेटजी टाटा 1865 च्या कोसळीत इंग्लंडात अडकले होते. घरच्या पेढीला मोठा फटका बसला. त्यांनी त्यातून एक गोष्ट मनाशी बांधली, आणि 1877 मध्ये गिरणी काढली ती नागपुरात, कापसाच्या रानाजवळ. अमेरिकेतले दुसरे उदाहरण तर मोठे मजेचे आहे. अलाबामातील एंटरप्राइज गावी बोंडावरच्या सोंड्या किड्याने कापूस फस्त केला. शेतकरी भुईमुगाकडे वळले, सावरले, आणि 1919 मध्ये त्यांनी त्या किड्याचेच स्मारक उभारले! आमच्याकडे 2017 साली गुलाबी बोंडअळीने धुमाकूळ घातला. तिचे स्मारक कोणी उभारील असे वाटत नाही, पण धडा तोच आहे.

कारण 2002 मध्ये बीटी बियाणे आले तेव्हा पुन्हा एकदा अमेरिकेहून स्वप्न आले होते. सुरुवातीला उत्पन्न वाढले, हे खोटे नाही. पण बियाणे दर साली विकत, खत विकत, औषध विकत. पाऊस मात्र विकत मिळत नाही, आणि भाव आपल्या हाती नाही. कर्ज डोक्यावर आणि अळी बोंडात, अशा पेचात मराठवाड्यातल्या किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे आपण जाणतोच. इथे स्वप्नभंग हा कादंबरीतला शब्द राहत नाही.

म्हणून स्वप्न पाहू नये काय? तसे नव्हे. परभणीला 1972 मध्ये कृषी विद्यापीठ झाले. इथल्या संशोधकांनी कमी पाण्यात तगणाऱ्या देशी कापसाची जोपासना चालू ठेवली आहे. हेही स्वप्नच आहे, पण त्याची मुळे आपल्या मातीत आहेत. 1865 च्या मुंबईने, 1929 च्या न्यूयॉर्कने आणि आमच्या कपाशीच्या रानाने एकच गोष्ट शिकविली : संपत्ती भावात नसते, ती भाव पडल्यावर हाती काय उरते त्यात असते. कोणी मोठे स्वप्न दारी घेऊन आला, तर शेतकऱ्याने त्याला पाणी द्यावे, बसायला घोंगडी द्यावी, आणि मग शांतपणे विचारावे, ‘बाबा रे, भाव पडला तर नुकसान कोणाचे?’