सिकलसेल रक्ततपासणी : बुलढाणा जिल्हा

तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन या प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी केली जाणारी रक्तचाचणी. या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने, प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून रक्तक्षय, असह्य अंगदुखी व वारंवार जंतुसंसर्ग उद्भवतो. दोष आई-वडील दोघांकडून आलेला ‘एसएस’ हा रुग्ण, तर एकाकडूनच आलेला ‘एएस’ हा वाहक होय. वाहक सहसा धडधाकट असल्याने तपासणीवाचून तो ओळखूच येत नाही.

भारतात या दोषाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. विदर्भात गडचिरोली-चंद्रपूरचा पट्टा त्यासाठी अधिक परिचित आहे. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालील जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, भिलाला व निहाल यांची वस्ती असल्याने तपासणीचा विचार करताना हा भाग प्रथम डोळ्यांसमोर येतो. तथापि हा केवळ आदिवासींचा आजार ही समजूत चुकीची व घातक आहे. विदर्भात तो अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही आढळतो आणि म्हणून घाटावरची गावे वगळून चालत नाही.

गावपातळीवर प्रथम विद्राव्यता चाचणी होते. बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब सॅपोनिन व सोडियम डायथायोनाइट असलेल्या द्रावणात मिसळतात. सॅपोनिनने पेशी फुटतात, डायथायोनाइट प्राणवायू काढून घेते, आणि सदोष हिमोग्लोबिन न विरघळता द्रावण इतके गढूळ करते की नळीमागे धरलेल्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा होतात. मात्र गढूळ नळी रुग्ण व वाहक यांतला फरक सांगत नाही. सहा महिन्यांखालील बाळांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्याने, तसेच तीव्र रक्तक्षय असल्यास, दोष असूनही द्रावण स्वच्छ राहू शकते. म्हणून गढूळ नमुना विद्युतसंचारण (इलेक्ट्रोफोरेसिस) किंवा एचपीएलसी या चाचणीने तपासल्याशिवाय कोणालाही रुग्ण ठरवू नये. अलीकडेच रक्त चढवलेले असल्यास दात्याचे हिमोग्लोबिन मिसळून ‘एसएस’ रुग्ण ‘एएस’ भासतो. ही विचारपूस नमुना घेतानाच व्हायला हवी.

दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के असते. तपासणी सोयरीक जुळण्यापूर्वी करण्याचा आग्रह त्यामुळेच धरला जातो. मात्र वाहक ठरलेल्या मुलीचेच स्थळ मोडणे हा या आग्रहाचा विपर्यास आहे, कारण दोष मुलांकडूनही तितकाच येतो आणि वाहकाने निर्दोष जोडीदाराशी विवाह केल्यास संतती रुग्ण होत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, परंतु तो रुग्णापुरताच. वाहकाला ते संरक्षण नाही आणि त्याला त्याची गरजही नाही.