श्रीरामपूरचे केरी कुटुंब

मराठी गद्याच्या आणि मुद्रणाच्या इतिहासात बंगालमधील श्रीरामपूर या गावाचे नाव अगदी आरंभीच येते. हुगळीच्या काठचे हे लहानसे गाव त्या काळी डेन्मार्कच्या अमलाखाली होते. येथील छापखान्यातून डॉ. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण इ. स. १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीची जोपासना करणाऱ्या आम्हां मंडळींना या घटनेचे विशेष अगत्य वाटावे हे साहजिकच आहे. कारण नागरी व मोडी अक्षरांत मराठी ग्रंथ छापण्याचे आरंभीचे प्रयत्न पुण्यात झाले नाहीत, ते दूर बंगालमध्ये आणि तंजावरास झाले. परंतु आमच्या वाङ्मयेतिहासांत श्रीरामपूरचे कार्य बहुधा एका पुरुषाचा पराक्रम म्हणून वर्णिले जाते. ज्या घरात ते झाले त्या घराची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. ती येथे संक्षेपाने मांडण्याचा आमचा हेतू आहे.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडून मराठीची सेवा झाली ती काही श्रीरामपुरासच प्रथम नव्हे. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन अक्षरांत छापून निघाले. पण स्टीफन्स हे जेजुइट पंथाचे, ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले. त्यांनी स्वीकारलेल्या परदेशवासाचे सुखदुःख त्यांचे एकट्याचे होते. प्रॉटेस्टंट पंथाचे उपदेशक मात्र बायकामुलांसह येऊ लागले. व्रत एकाने घ्यावे आणि त्याचा भार सगळ्या घराने वाहावा, असा प्रकार येथे प्रथमच घडू लागला. केरी कुटुंब हे त्याचे ठळक उदाहरण होय.

विल्यम केरी हे मूळचे जोडे शिवणारे कारागीर. १७८१ मध्ये त्यांचा विवाह डॉरोथी प्लॅकेट यांच्याशी झाला. डॉरोथीबाई वयाने पतीहून काही वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी खूण केली. पतीने हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले तेव्हा बाईंनी स्पष्ट नकार दिला. दोन मुली आधीच दगावलेल्या, पदरी तीन मुलगे, पुन्हा दिवस गेलेले, आणि समुद्राचा प्रवास पाच महिन्यांचा! केरी थोरल्या मुलास, फेलिक्सला, घेऊन एकटेच निघाले. परंतु कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे त्यांना जहाजावरून उतरावे लागले. या खोळंब्याच्या काळात बाईंचे मन वळविण्यात आले. धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तरच आपण येऊ, ही त्यांची एकच अट होती. १३ जून १७९३ रोजी हे कुटुंब एका डॅनिश जहाजाने निघाले. तान्हा जेबेझ तेव्हा अवघा काही आठवड्यांचा होता.

नोव्हेंबरात ही मंडळी बंगालमध्ये उतरली. जवळचा पैसा थोड्याच दिवसांत संपला आणि आसऱ्यासाठी सुंदरबनाच्या बाजूला जावे लागले. तेथेच किटीचा विवाह ठरला आणि ती मागे राहिली. ज्या बहिणीच्या आधारावर डॉरोथीबाई निघाल्या होत्या तो आधार असा एका वर्षाच्या आतच सुटला. १७९४ मध्ये केरी यांना मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर काम मिळाले. पोटाची चिंता मिटली, पण त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर अतिसाराने दगावला. जातिभयामुळे त्या चिमुकल्या देहास खांदा द्यायला आणि खड्डा खणायला माणसे मिळणेही कठीण झाले.

या आघातानंतर डॉरोथीबाईंचे चित्त ढळले. पती व्यभिचारी आहे असा भ्रम त्यांच्या मनाने घेतला. त्या भररस्त्यात त्याच्यामागे जात आणि आक्रोश करीत. १७९६ च्या आरंभी धाकटा जोनाथन जन्मास आला तो अशाच स्थितीत. पुढे त्यांना खोलीत बंद ठेवण्याची वेळ आली. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या निवर्तल्या. म्हणजे सुमारे बारा वर्षे त्यांनी हे दुःख सोसले.

आता या सालांशी ग्रंथांची साले ताडून पाहावीत. केरी १८०० च्या जानेवारीत श्रीरामपुरास आले. १८०१ पासून ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात प्रथम बंगाली आणि पुढे संस्कृत व मराठी शिकवू लागले. १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर बाहेर पडले. ही सर्व वर्षे बाईंच्या आजाराचीच वर्षे होत. केरी भाषांतराला बसलेले असत तेव्हा शेजारच्या खोलीत त्यांची पत्नी अत्यंत उद्विग्न अवस्थेत असे, अशी माहिती त्यांचे सहकारी मार्शमन यांच्या मुलाने पुढे नमूद केली आहे.

मग हे घर चालले कसे? मार्शमन, वॉर्ड व केरी या मंडळींनी एकत्र राहण्याची पद्धत ठेवली होती. जेवण एका पंक्तीला, मिळकत एका पेटीत. केरी यांचा कॉलेजातील पगारही तिच्यातच जाई. या विस्तृत कुटुंबाचा कारभार हॅना मार्शमन या बाईंनी सांभाळला. त्यांनी शाळाही चालविल्या आणि केरी यांच्या आईवाचून वाढणाऱ्या मुलांकडे लक्ष पुरविले. छापखान्याचे खिळे पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांनी पाडले. मराठीच्या बाबतीत कॉलेजातील वैजनाथ पंडितांचे ऋण केरी यांनी स्वतःच व्याकरणाच्या प्रस्तावनेत मान्य केले आहे. एकाच्या नावावर मांडलेले हे कार्य इतक्या हातांनी झालेले आहे.

मुलांचे आयुष्यही बापाच्या व्रताने आखून दिले. जेबेझ १८१४ मध्ये मोलुक्का बेटांतील अंबोयना येथे गेला. फेलिक्स त्यापूर्वीच ब्रह्मदेशात गेला होता. त्याने ब्रह्मी भाषेचे व्याकरण रचले आणि तो तेथील राजाच्या पदरी राहिला. पण १८१४ मध्ये इरावतीत नाव बुडाली आणि त्याची बायकामुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली. काही वर्षे भरकटून तो श्रीरामपुरास परतला आणि बंगालीत शरीरशास्त्रावरील ग्रंथ सिद्ध करून १८२२ मध्ये, बापाच्या आधी, वारला. केरी यांचा मृत्यू १८३४ मधला.

या कथेवरून केरी यांस दोषी ठरवावे असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी आजारी पत्नीस अखेरपर्यंत घरीच ठेवले, हेही सांगितले पाहिजे. परंतु थोर कार्याच्या प्रभेत डॉरोथीबाईंना केवळ एक अडचण समजणे हा उघड अन्याय आहे. त्यांचा पहिला नकार अज्ञानाचा नव्हता. पुढे जे घडले त्यावरून त्यांची भीती खरीच ठरली. त्यांच्याविषयी आपणांस जे कळते ते पतीच्या आणि सहकाऱ्यांच्या पत्रांवरून. ज्या घरातून अनेक भाषांची व्याकरणे निघाली त्या घरच्या गृहिणीची बाजू सांगायला मात्र तिची स्वतःची एक ओळ नाही.

व्याकरण व कोश यांचे मोल या हकीकतीने कमी होत नाही. त्यांची किंमत कोणी दिली एवढे तिच्यावरून कळते. आमच्या शाळा-महाविद्यालयांत मराठी व्याकरणाचा इतिहास शिकविताना १८०५ हे साल सांगितले जाते. त्याच्या जोडीने वैजनाथ पंडितांचे नाव सांगावे, आणि १८०७ हे सालही सांगावे, इतकेच आमचे अध्यापकबंधूंना व भगिनींना नम्र निवेदन आहे.