सही कोणाची? : वर्कस्टेशनच्या किमतीचा इतिहास

१९८१ साली अमेरिकेत, चार महिन्यांच्या अंतराने, एकेका माणसाने एकट्याने वापरायचे दोन संगणक जाहीर झाले. एप्रिलमध्ये झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ आणला. त्याची किंमत १६,५९५ डॉलर. ऑगस्टमध्ये आयबीएमने ‘पीसी’ आणला. त्याची सुरुवातीची किंमत १,५६५ डॉलर. डॉलर तेव्हा साडेआठ रुपयांच्या थोडा वर होता. म्हणजे आपल्या हिशेबाने पहिला १ लाख ४० हजारांच्या वर, तर दुसरा साडेतेरा हजारांच्या आसपास. स्टारमध्ये चित्रांच्या खुणा, माउस, खिडक्या, कागदावर जसे छापले जाईल तसेच पडद्यावर दिसणारे पान, असे सगळे होते. पीसीच्या त्या किमतीत १६ किलोबाइट स्मृती आणि कळफलक मिळत असे. डिस्क ड्राइव्ह आणि पडदा वेगळे घ्यावे लागत. तरीही पीसीने बाजार जिंकला आणि स्टार मागे पडला.

संगणकाच्या इतिहासात ही कथा बहुधा तंत्रज्ञानाची म्हणून सांगितली जाते : कोणाची चिप वेगवान होती, माउस प्रथम कोणी आणला. गेली काही वर्षे मी जुनी किंमतपत्रके आणि जाहिराती वाचतो आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे की, त्या काळात कोणते यंत्र घ्यायचे हे ठरवताना यंत्राच्या गुणांइतकाच आणखी एक प्रश्न महत्त्वाचा होता : खरेदीच्या कागदावर सही कोणाची लागणार? हा लेख त्या सहीविषयी आहे.

आधी ‘वर्कस्टेशन’ म्हणजे काय ते पाहू. सत्तरच्या दशकात संगणक ही सामायिक वस्तू होती. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा १९७७ चा ‘व्हॅक्स ११/७८०’ लाख डॉलरच्या वर जाई. असे एक यंत्र एका खोलीत असे आणि त्याला जोडलेल्या टर्मिनलांवर अनेक जण एकाच वेळी काम करीत. दुपारी गर्दी झाली की यंत्र मंदावे, म्हणून कित्येक जण रात्री काम करणे पसंत करीत. यामागचा हिशेब साधा होता : यंत्र महाग, माणसाचा वेळ त्या मानाने स्वस्त. तेव्हा माणसाने यंत्राची वाट पाहावी.

हा हिशेब उलटा करून पाहिला तो कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने. १९७३ मध्ये तिथे ‘आल्टो’ हे यंत्र तयार झाले. त्याची रचना चक थॅकर यांची. प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र यंत्र द्यायचे, हा त्यामागचा विचार. त्या वेळी ही चैनच होती. पण तिथल्या मंडळींचा तर्क असा की, स्मृतीच्या चिपांचे दर वर्षागणिक उतरत आहेत. आज जे परवडत नाही ते दहा वर्षांनी सर्वांना परवडेल. मग ते यंत्र आजच महाग दराने बनवून वापरले, तर दहा वर्षांनंतरच्या कामाची सवय आजच होईल. आल्टो बाजारात विक्रीला असा कधी आला नाही. पण यंत्राने माणसाची वाट पाहावी ही कल्पना तिथून बाहेर पडली.

तिला आकडा दिला पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने. आंध्रात जन्मलेले राज रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी संशोधकाच्या यंत्रासाठी एक सोपी कसोटी मांडली. तिला ‘थ्री एम’ म्हणत. एक मेगाबाइट स्मृती, पडद्यावर दहा लाख ठिपके, आणि सेकंदाला दहा लाख सूचना पार पाडण्याचा वेग. तिन्हींत ‘दशलक्ष’. यात गमतीने चौथा ‘एम’ जोडला जाई, तो किमतीचा : दहा लाख पेनी, म्हणजे १०,००० डॉलर. त्याच शहरातल्या थ्री रिव्हर्स कंपनीचे ‘पर्क’ हे यंत्र या कल्पनेच्या जवळ जाणाऱ्या पहिल्या यंत्रांपैकी एक होते. किमतीच्या बाबतीत मात्र ते त्या मर्यादेत बसले नाही.

या चौथ्या ‘एम’कडे इतिहासकार विनोद म्हणून पाहतात. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तीन अटी यंत्राविषयी बोलतात. चौथी अट ते यंत्र एका माणसाच्या नावावर मंजूर होईल का, याविषयी बोलते. लाखाच्या यंत्रासाठी समिती बसते, निविदा निघतात, वर्ष जाते. दहा हजारांचे यंत्र विभागप्रमुख आपल्या अंदाजपत्रकात बसवू शकतो. दीड-दोन हजारांचे यंत्र तर एखादा व्यवस्थापक किरकोळ खर्चातही दाखवू शकतो.

ही जाणीव उद्योगाला आधीपासून होती. डिजिटल इक्विपमेंटने आपल्या पहिल्या यंत्रांना ‘कॉम्प्युटर’ न म्हणता ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’ असे नाव दिले, ते उगाच नव्हे. ‘कॉम्प्युटर’ म्हटले की भली मोठी खोली आणि लाखोंचा खर्च डोळ्यांसमोर येई, आणि पैसे देणारा बिचके. १९६५ चा त्यांचा ‘पीडीपी-८’ १८,००० डॉलरला मिळे आणि तो प्रयोगशाळांमध्ये भराभर खपला. पुढे १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ हा हिशेबाचा तक्ता ‘ॲपल टू’वर आला, तेव्हा अनेक व्यवस्थापकांनी कंपनीच्या संगणक विभागाला न विचारता आपल्या विभागाच्या पैशातून ते यंत्र घेतले. संगणक विभागाची सही टळली, हेच त्या यंत्राचे मोठे बळ.

आता स्टारकडे पुन्हा पाहू. १६,५९५ डॉलर ही एका यंत्राची किंमत. पण स्टार एकटा घेऊन फारसा उपयोग नव्हता. कागदपत्रे साठवायला सर्व्हर, छापायला लेझर प्रिंटर, जोडणीला इथरनेट आणि सोबत आणखी एक-दोन स्टार, असा संच धरला की बिल ५० हजार ते १ लाख डॉलरच्या घरात जाई. म्हणजे एकट्या माणसासाठी बनवलेले यंत्र खरेदीच्या वेळी पुन्हा खोलीभर संगणकाच्या किमतीला जाऊन बसले. सही पुन्हा वरच्या मजल्यावर गेली. आयबीएमने याच्या उलट केले. १,५६५ हा आकडा जाहिरातीसाठी होता. पडदा, ड्राइव्ह, जादा स्मृती घेतली की रक्कम दुपटीच्या आसपास जाई. पण ती तुकड्यातुकड्यांनी वाढत होती. पहिली सही लहान होती, पुढच्या आपोआप होत गेल्या.

ॲपलची ‘लिसा’ या दोहोंच्या मध्ये अडकली. जानेवारी १९८३ मध्ये ती ९,९९५ डॉलरला आली. हा आकडा दहा लाख पेनींच्या मर्यादेला नेमका टेकतो. स्मृतीही एक मेगाबाइट. पण लिसा ज्यांना विकायची होती ते कचेरीतले लोक होते. संशोधकाला दहा हजार स्वस्त वाटत; कचेरीला ते महाग वाटले, कारण शेजारी आयबीएमचा पीसी उभा होता. वर्षभरात नव्या लिसाची सुरुवातीची किंमत ३,४९५ वर आणावी लागली. जानेवारी १९८४ मध्ये ‘मॅकिन्टॉश’ आला. तो १,९९५ ला विकण्याचा बेत होता, पण जाहिरातीचा खर्च भरून काढण्यासाठी किंमत २,४९५ झाली. किंमत केवळ सुट्या भागांच्या बेरजेने ठरत नाही, याचा हा चांगला पुरावा.

इंजिनिअरांच्या बाजारात चित्र वेगळे होते. तिथे पहिली आघाडी घेतली मॅसॅच्युसेट्सच्या ‘अपोलो’ने. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९८१ मध्ये पहिले यंत्र दिले. कार्यप्रणाली स्वतःची, जाळ्याची पद्धत स्वतःची, सगळे एकमेकांशी उत्तम जुळवलेले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. बाकीचे तिघे अँडी बेक्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय. सनचा मार्ग उलटा होता : प्रोसेसर मोटोरोलाचा बाजारात मिळणारा, कार्यप्रणाली युनिक्स, जाळे इथरनेट. म्हणजे गिऱ्हाइकाला उद्या दुसऱ्याकडे जायची वाट मोकळी. १९८३ मध्ये यंत्ररेखाटनाची प्रणाली विकणाऱ्या ‘कॉम्प्युटरव्हिजन’ने अपोलोला बाजूला ठेवून सनशी सुमारे ४ कोटी डॉलरचा करार केला, आणि तिथून सनचे पारडे जड होऊ लागले.

इथे निवडीचा खरा पेच दिसतो. अपोलो घेणारा आज सुखी, पण एकाच दुकानाशी बांधलेला. सन घेणाऱ्याला सुरुवातीला थोडी खटपट, पण पुढच्या सौद्यात त्याचा हात वर. किंमतपत्रकात हा फरक कुठेच लिहिलेला नसतो.

सनने आणखी एक युक्ती केली. ‘सन ३/५०’ हे यंत्र डिस्कशिवाय मिळे. फाइली जाळ्यावरून दूरच्या सर्व्हरवर ठेवायच्या. टेबलावरच्या यंत्राची किंमत त्यामुळे खाली आली. सर्व्हरची मोठी रक्कम मात्र गेली नाही. ती संस्थेच्या वेगळ्या खात्यावर गेली. बिल तेवढेच, सह्या दोन. आणि एका सर्व्हरवर फार यंत्रे लटकवली की दुपारचा तो जुना मंदपणाही परत येई.

वेगाच्या आकड्यांचेही तसेच. विक्रेते ‘मिप्स’ सांगत, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष सूचना. माप होते व्हॅक्स ११/७८०. त्याला एक मिप्स धरले जाई. प्रत्यक्ष मोजणीत मात्र व्हॅक्स सेकंदाला साधारण पाच लाख सूचनाच पार पाडतो असे आढळले. मापाची पट्टीच अर्धी! निरनिराळ्या चिपांच्या सूचना लहानमोठ्या असल्याने तुलना आणखी फसवी होई. अखेर १९८८ मध्ये अपोलो, एचपी, मिप्स आणि सन या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ‘स्पेक’ ही संस्था काढली आणि खरे कार्यक्रम चालवून वेग मोजण्याची पद्धत घातली. तोवर जाणत्या खरेदीदाराचा एकच उपाय होता : आपले स्वतःचे काम त्या यंत्रावर चालवून घड्याळ लावून बसणे.

ऑक्टोबर १९८८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी विद्यापीठांसाठी ‘नेक्स्ट’ आणला. थ्री एमचे स्वप्न तिथे पुरे झाले, किंबहुना मागे पडले : स्मृती ८ मेगाबाइट. पण विद्यापीठांना हवे होते तीन हजारांच्या आसपासचे यंत्र, आणि किंमत निघाली ६,५०० डॉलर. लेझर प्रिंटर २,००० वेगळे. हार्ड डिस्क त्यात नव्हती. तिच्या जागी संथ चालणारी प्रकाशीय डिस्क होती. प्राध्यापकाला यंत्र आवडले, सही करणाऱ्याला आकडा आवडला नाही.

आता हाच हिशेब आपल्याकडे आणून पाहू. समजा, १९८५ च्या सुमारास वर्कस्टेशन २० हजार डॉलरचे आहे आणि अमेरिकी इंजिनिअरचा वार्षिक पगार ३० हजार डॉलर. यंत्र आठ महिन्यांच्या पगाराएवढे. त्याने त्याचा रोजचा एक तास वाचवला, तरी काही वर्षांत पैसे वसूल. डॉलर तेव्हा बारा रुपयांच्या वर होता. आपल्याकडे तेच यंत्र आयात शुल्काआधीच अडीच लाखांच्या जवळ. इंजिनिअरचा पगार महिना तीन हजार धरला, तर यंत्र सात वर्षांच्या पगाराएवढे झाले. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट रुंद केली, तरी हा भागाकार बदलला नाही. ‘एक माणूस, एक यंत्र’ हे तत्त्व अमेरिकेत काटकसर होते, ते आपल्याकडे उधळपट्टी ठरत होते. पाळ्या लावून एकाच यंत्रावर अनेकांनी काम करणे यात मागासलेपणा नव्हता. आपल्या आकड्यांवर तोच तर्क चालवला की हेच उत्तर निघत होते.

पण त्या उत्तराची किंमतही मोजली गेली. आल्टोच्या मंडळींनी महाग यंत्रे आधी घेऊन भविष्याची सवय विकत घेतली होती. पाळीत दोन तास मिळणारा माणूस नेमून दिलेले काम पुरे करतो. सहज काही करून बघायला त्याच्याकडे वेळ उरत नाही. चुकत, खेळत शिकण्याची मुभा ही त्या १० हजार डॉलरमधली सर्वांत मोलाची वस्तू होती, आणि ती कोणत्याही किंमतपत्रकात नव्हती.

एप्रिल १९८९ मध्ये सनचे ‘स्पार्कस्टेशन १’ नऊ हजार डॉलरच्या आसपास आले. वेग १२.५ मिप्स. दहा लाख पेनींच्या आत थ्री एमच्या बारापट वेग. त्याच वर्षी एचपीने अपोलो विकत घेतली. पुढच्या दशकात साध्या पीसींनी हा वेग गाठला आणि वर्कस्टेशन ही वेगळी जात हळूहळू विरून गेली.

जुनी यंत्रे संग्रहालयात जातात. कोटेशने, इंडेंटचे कागद, ‘एवढ्या रकमेचे समर्थन करावे’ असा शेरा मारलेल्या फाइली मात्र रद्दीत जातात. आपल्या विद्यापीठांत, कारखान्यांत, छापखान्यांत पहिला संगणक कोणता घेतला, किती जणांसाठी आणि कोणाच्या सहीने, हे सांगणारे कागद अजून कुठे कपाटात असतील. ते वजनावर घालण्यापूर्वी एकदा वाचावेत, एवढीच विनंती.