हात दाखवला, गाडी का थांबली?

आजचा किस्सा फार जुना नाही, पण इतिहासात जमा झालाय.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणासाठी संप पुकारला. तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. तेव्हा विष्णुपुरीहून लोह्याला जायचं म्हणजे लातूर रोडवर उभं राहून येणाऱ्या गाडीला हात करायचा.

एकदा मला पाच मिनिटांत पिकअप मिळाली. शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा, हातात दवाखान्याची फाईल, कधीचे मान खाली घालून उभे होते. गाडीत बसल्यावर विचारलं, "मामा, माझ्यासाठीच कसे थांबलात?"

"गळ्यातलं आयकार्ड दिसलं. म्हणलं, शिकणारं पोरगं हाय."

मी म्हटलं, "मामा, आजोबा मागंच राहिले." त्यांनी लगेच गाडी मागं घेतली.

पुढे वाचनात आलं, की अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघणाऱ्यांना लिफ्ट जास्त मिळाली होती. आजोबांकडे ना कार्ड होतं, ना वर बघायची हिंमत. गरज मात्र माझ्यापेक्षा मोठी होती, आणि ती चालत्या गाडीतून दिसत नाही.

म्हणून लिफ्ट मिळाली, तर शेजारच्याचंही नाव काढा. भेटूया पुढच्या भागात!