काचचूर्ण काँक्रीट
काचचूर्ण काँक्रीट : सिमेंटचा काही भाग टाकाऊ काचेच्या बारीक पुडीने बदलून केलेले काँक्रीट. सिमेंटचे क्लिंकर (दळण्यापूर्वीचे भाजलेले खडे) सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजले जाते. त्यात इंधन जळते आणि चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७-८ टक्के आहे.

बाटलीच्या काचेत सुमारे ७० टक्के सिलिका असते. ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक दळल्यावर ती सिमेंटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून बंधक द्रव्य बनवते. जाड तुकडे मात्र घातक ठरू शकतात: अल्कलीशी अभिक्रिया होऊन जेल तयार होते, ते पाणी शोषून फुगते आणि काँक्रीट तडकते. सारी मदार दळणावर, आणि दळणाला वीज लागते!

माँट्रियलमधील डार्विन पुलांच्या (२०२१) काँक्रीटमध्ये १० टक्के सिमेंटची जागा काचपुडीने घेतली. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने औष्णिक वीज केंद्रांची राख करते. भारतातले पहिले रोलर-कॉम्पॅक्टेड (रोलरने दाबलेल्या) काँक्रीटचे धरण, अकोले तालुक्यातील घाटघर, राखमिश्रित आहे.

मराठवाड्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र असल्याने इथल्या बांधकामांना राखच सोयीची. काचेपुरते बोलायचे तर स्वच्छ, एकरंगी बाटल्या वितळवून पुन्हा बाटल्याच कराव्यात. काँक्रीटसाठी मिसळलेल्या रंगांची, भट्टीला नकोशी काच योग्य.